दोनदा उडालेला थर्मल फ्यूज: माहीममधल्या एका ड्रायरचं प्रकरण

घर आणि यंत्र

माहीम पश्चिमेला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात आजी, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत इतका ओलावा असतो की जीन्स आणि टॉवेल तीन-तीन दिवस दमट राहतात, गणवेशाला कुबट वास येतो. म्हणून या कुटुंबाने काही वर्षांपूर्वी साडेपाच किलो क्षमतेचा व्हेंटेड ड्रायर घेतला. वर्षातले आठ महिने तो जेमतेम चालतो. जून ते सप्टेंबर मात्र रोज, कधी दिवसातून दोनदा.

या प्रकारच्या ड्रायरचं काम सरळ असतं. खोलीतली हवा आत ओढायची, हीटरवरून तापवायची, फिरत्या ड्रममधल्या ओल्या कपड्यांतून न्यायची आणि दमट झाली की मागच्या १०० मिलिमीटर व्यासाच्या पाईपातून बाहेर टाकायची. मोटर एकच असते. तिच्या एका टोकाला ड्रम फिरवणारा पट्टा आणि दुसऱ्या टोकाला हवा फेकणारा पंखा. मोटर थांबली की पंखाही थांबतो, आणि या प्रकरणात हीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. हीटर २२०० वॅटचा, मोटर धरून साधारण २४०० वॅट. २३० व्होल्टला हे १० अँपिअरच्या थोडं वर जातं, म्हणून जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवी, आणि ती तशीच होती.

ड्रायर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर स्टँडवर बसवलेला. मागून निघालेला प्लीट्सचा अॅल्युमिनियम पाईप खाली येऊन वळतो आणि खिडकीच्या काचेत कापलेल्या गोल भोकातून बाहेर जातो. लांबी साधारण तीन मीटर. बाल्कनी आणि बाथरूम दोन्ही एकाच २० अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर. गीझर, ड्रायर आणि वॉशिंग मशीनचा गरम पाण्याचा प्रोग्राम एकत्र चालला की थोड्या वेळाने तो एमसीबी पडायचा. त्यामुळे घरात एक सवय लागली होती: कुणाला आंघोळीला जायचं असलं की ड्रायरचं भिंतीवरचं बटण बंद करायचं, गीझर लावायचा आणि नंतर ड्रायर पुन्हा चालू करायचा.

तक्रार

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी टायमर फिरवला, स्टार्ट दाबलं आणि काहीच झालं नाही. पॅनेलवरचा दिवा लागत होता. ड्रम हलत नव्हता, घरघर नव्हती, जळका वास नव्हता, एमसीबीही पडला नव्हता.

«ड्रायर सुरू होत नाही» एवढ्याने काही कळत नाही. सुरू न होण्याचे किमान चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा संशयित वेगळा आहे. दिवाही लागत नसेल तर आधी सॉकेट, प्लगटॉप, वायर आणि एमसीबी बघावे. दिवा लागतो पण मोटर पूर्ण गप्प असेल तर दरवाजाचा स्विच, थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा फ्यूज), टायमरचा संपर्क, स्टार्ट बटण किंवा मोटरची तुटलेली वाइंडिंग (तारेचं वेटोळं) यांपैकी काहीतरी आहे. मोटर गुणगुणते पण फिरत नसेल तर कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा भाग) गेलेला असतो, किंवा पंख्यात अथवा ड्रमखाली पायमोजा, नाणं, ब्लाऊजचा हूक असं काहीतरी अडकलेलं असतं. आणि मोटर फिरल्याचा आवाज येतो पण ड्रम स्थिर असेल तर पट्टा तुटला आहे. काही मॉडेलांत मात्र पट्टा तुटल्यावर मोटरच बंद करणारा छोटा स्विच असतो, तिथे पट्टा तुटूनही मशीन गप्पच राहतं.

इथे लक्षण दुसऱ्या प्रकारचं होतं. घरातल्यांनी फोनवर एवढंच नीट सांगितलं असतं तरी पुढचं बरंच धावाधाव करणं वाचलं असतं.

पहिली दुरुस्ती

आधी इमारतीचा वायरमन आला. त्याने सॉकेटमध्ये टेस्टर घातला, टेस्टर पेटला, «लाईट आहे, मशीनमध्येच प्रॉब्लेम आहे» असं सांगून तो गेला. निष्कर्ष निम्मा बरोबर निघाला, पण परीक्षा अपुरी होती. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेलं असलं किंवा स्क्रू ढिला असला तरी तो तितकाच छान पेटतो. पॅनेलवरच्या दिव्याचंही तसंच. त्याला मिलिअँपिअरमध्ये करंट पुरतो, मोटर आणि हीटरला १० अँपिअर लागतात. दिवा लागला म्हणून पुरवठा ठीक आहे असं धरता येत नाही.

मग जवळच्या दुकानातला तंत्रज्ञ आला. त्याने मागचं पत्र्याचं झाकण काढलं, हीटरच्या खोक्यावरचा थर्मल फ्यूज मल्टिमीटरने पाहिला, बीप आला नाही. पिशवीतून दुसरा फ्यूज काढून लावला, ड्रायर सुरू झाला, अर्ध्या तासात काम संपलं. जुना फ्यूज तो बरोबर घेऊन गेला.

जेमतेम दोन आठवडे गेले. एका रात्री साडेनऊला ड्रायर ऐन तापात असताना गीझरसाठी नेहमीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं. आंघोळ झाल्यावर बटण चालू केलं तर पुन्हा तेच: दिवा आहे, हालचाल नाही.

तोच तंत्रज्ञ पुन्हा आला. पुन्हा फ्यूज उडालेला. या वेळी त्याने सुचवलं, «ताई, हा फ्यूज असाच उडत राहणार. डायरेक्ट करून देतो, परत त्रास नाही.»

समोर आलेले पर्याय

प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण हाच. पावसाळ्याचे दोन महिने बाकी, घरभर दोऱ्यांवर ओले कपडे आणि दोन मिनिटांत मशीन सुरू करून देणारा माणूस समोर उभा.

«डायरेक्ट» म्हणजे फ्यूजच्या दोन्ही वायरी एकत्र जोडून टाकायच्या. हे करायचं नाही, आणि का करायचं नाही ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. ड्रायरमध्ये उष्णतेवर सहसा दोन पहारे असतात. पहिला पहारा थर्मोस्टॅटचा: ठरलेल्या तापमानाला तो हीटरची वीज तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो, असं हजारो वेळा. दुसरा पहारा थर्मल फ्यूजचा: थर्मोस्टॅट चिकटला, हवा अडली किंवा पंखा थांबला आणि तापमान मर्यादेबाहेर गेलं तर तो एकदाच, कायमचा तुटतो. तो रीसेट होत नाही. (काही मशिनांत याच जागी बटण दाबून रीसेट होणारा कटआउट असतो. तिथेही तो का पडला हे शोधल्याशिवाय बटण दाबत राहणं तितकंच चूक.) काही मॉडेलांत हा फ्यूज फक्त हीटरच्या वाटेत असतो. तिथे तो उडाला तर ड्रम फिरतो पण गार हवा येते. या मॉडेलमध्ये तो मोटर आणि हीटर दोन्हीच्या सामाईक वाटेत होता, म्हणून मशीन पूर्ण गप्प. तो डायरेक्ट केला तर शेवटचा पहारा उठतो. ड्रायरच्या पोटात जमलेली लिंट, म्हणजे कपड्यांची सुकी रुवी, ठिणगीलाही पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने घरगुती ड्रायरच्या आगींच्या कारणांत साफसफाई न करणं हे आघाडीचं कारण नोंदवलं आहे. पाचव्या मजल्यावर, बंद बाल्कनीत, रात्री सगळे झोपलेले असताना हा धोका पत्करण्यात काहीच शहाणपण नाही.

घरातल्या सुनेने नकार दिला. आजीचं म्हणणं होतं की फ्यूज स्वस्त आहे, दर पंधरा दिवसांनी बदलू, पावसाळा निघून जाईल. हा मार्ग डायरेक्टपेक्षा सुरक्षित वाटतो खरा, पण त्यात मशीन दर वेळी धोक्याच्या तापमानापर्यंत जातं आणि आपण फक्त तुटलेला पहारेकरी बदलत राहतो.

दुसऱ्या एका सर्व्हिस सेंटरने फोनवरच हीटर, दोन्ही थर्मोस्टॅट आणि फ्यूज असा पूर्ण संच बदलायचा साडेआठ हजारांचा अंदाज दिला. मशीन न बघता. संच बदलला असता तर ड्रायर सुरू झाला असता, फ्यूज नवा असता, आणि काही आठवड्यांनी बहुधा तोही उडाला असता. नवऱ्याला नवीन ड्रायर घ्यावासा वाटत होता, पाईप न लागणारा. तो विचार वाईट नाही. कंडेन्सर किंवा हीट पंपाच्या ड्रायरला बाहेर हवा सोडावी लागत नाही. पण किंमत बरीच जास्त आणि फिल्टर व कंडेन्सरची सफाई तिथेही चुकत नाही. ज्या घरात सफाई राहून जाते तिथे यंत्र बदलून प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो.

शेवटी निर्णय झाला तो फक्त तपासणीचे पैसे देऊन संपूर्ण तपासणी करून घेण्याचा: कोणताही भाग बदलायच्या आधी, फ्यूज का उडतो याचं उत्तर द्यायचं. हॉटेलांच्या लाँड्रीतली मशिनं सांभाळणाऱ्या एका तंत्रज्ञाने ते काम घेतलं.

तपासणी: सॉकेटपासून पाईपच्या तोंडापर्यंत

आधी सॉकेट. पुरवठा तपासायचा तर लोड टाकूनच. फेज-न्यूट्रल २३६ व्होल्ट, फेज-अर्थ २३५, न्यूट्रल-अर्थ १ व्होल्ट. अर्थिंग ठीक. मग त्याच सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री लावून व्होल्टेज पुन्हा पाहिलं: २३३. इस्त्री काढली की २३६, लावली की २३३, तीन-चार वेळा तेच. चांगल्या वायरिंगमध्ये सव्वाचार अँपिअरला एखादा व्होल्ट पडतो, इथे दोन जास्तीचे पडत होते. याचा अर्थ वाटेत कुठेतरी साधारण अर्धा ओहम फुकटचा रोध आहे. ड्रायरच्या १० अँपिअरला त्याच ठिकाणी जवळजवळ ५० वॅट उष्णता तयार होणार. मेन बंद करून सॉकेट उघडल्यावर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि तांब्याचं टोक काळं-हिरवं पडलेलं सापडलं, प्लगटॉपची न्यूट्रलची पिन तपकिरी झालेली. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या दमट हवेने हे नेहमी होतं. ड्रायर बंद पडण्याचं कारण ते नव्हतं. पण आणखी एका मोसमात सॉकेट वितळलं असतं.

नंतर मशीन. प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढला, भिंतीवरचं बटण बंद करण्यावर भागवलं नाही, कारण बटण न्यूट्रल तोडत नाही आणि चुकीच्या वायरिंगमध्ये फेजही तोडत नाही. ड्रायर दोघांनी मिळून स्टँडवरून खाली घेतला. एकट्याने हा उद्योग करू नये, मशीन तीस किलोच्या आसपास असतं आणि पाईप ओढला जातो. मोटरच्या कपॅसिटरची दोन टोकं रोधाने डिस्चार्ज केली, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकली. त्यानंतरच हात आत.

दरवाजाचा मायक्रोस्विच: दाबलेला असताना अर्धा ओहमही नाही, सोडल्यावर उघडा. स्विच ठीक असूनही दरवाजावरची त्याला दाबणारी प्लास्टिकची जीभ झिजलेली असू शकते, म्हणून दरवाजा लावलेल्या अवस्थेतही मोजायचं. तेही ठीक.

थर्मल फ्यूज: मोजताना त्याची एक वायर काढून ठेवायची, नाहीतर समांतर वाटेने खोटा आकडा येतो. चांगला फ्यूज शून्याच्या जवळ, हा अनंत, म्हणजे तुटलेला.

मोटर: दोन्ही वाइंडिंग काही दशक ओहमांच्या आणि एकमेकींच्या जवळपास, वाइंडिंग आणि बॉडीमध्ये मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) पुरेसं इन्सुलेशन. मोटर हाताने मोकळी फिरत होती. कपॅसिटरवर ८ मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर ७.८. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

हीटर: २४ ओहम, म्हणजे २३० व्होल्टला २२०० वॅट, जसा असायला हवा तसा. हीटरची तार बॉडीला टेकलेली नाही. ही परीक्षा विसरली जाते. तार तुटून पत्र्याला टेकली तर आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडतो, आणि आरसीसीबी नसेल तर बॉडीला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो.

थर्मोस्टॅट: फ्यूज उडण्याचा पहिला संशयित हाच, कारण त्याचे संपर्क चिकटले तर हीटर कधी बंदच होत नाही. खोलीच्या तापमानाला तो जोडलेला दिसतो, पण चिकटलेला थर्मोस्टॅटही जोडलेलाच दिसतो. म्हणून तो काढून, मल्टिमीटर लावून, केस वाळवायच्या ड्रायरने तापवला. टक् आवाज करून तो उघडला, गार झाल्यावर परत जुळला. मीटरच्या तापमानाच्या प्रोबने पाहिलं तर त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपासच तो उघडत होता. थर्मोस्टॅट निर्दोष.

इथवर विजेचा प्रत्येक भाग ठीक निघाला आणि उडालेला फ्यूज एकटा उरला. याच टप्प्यावर बरेच जण फ्यूज बदलून निघतात. खरं तर सगळे भाग चांगले असणं हाच मोठा पुरावा होता: उष्णता जास्त तयार होत नव्हती, मग ती बाहेर जात नव्हती.

मुख्य परीक्षा

योग्य क्रमांकाचा नवा फ्यूज लावला. मागच्या पाटीवरच्या मॉडेल नंबरावरून सुट्या भागांच्या यादीत त्याचं तापमान आणि अँपिअर पाहून तसाच मागवला होता. दिसायला सारखे फ्यूज वेगवेगळ्या तापमानांचे असतात. पहिल्या तंत्रज्ञाने पिशवीतून काढलेला कोणत्या मापाचा होता आणि मूळचा कोणत्या, हे जुना तुकडा त्यानेच नेल्यामुळे ताडून पाहता आलं नाही.

चार किलो ओले कपडे टाकले. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) फक्त फेजच्या वायरभोवती लावला. पूर्ण केबलभोवती लावला तर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना खोडून आकडा शून्य दाखवतो, म्हणून वायरी सुट्या केलेली छोटी जोडकेबल लागते. पाईप जसा होता तसाच ठेवून मशीन चालू केलं. सुरुवातीला १०.३ अँपिअर. सहाव्या मिनिटाला आकडा एकदम सव्वा अँपिअरच्या आसपास आला, म्हणजे थर्मोस्टॅटने हीटर तोडला आणि फक्त मोटर चालू राहिली. थोड्या वेळात पुन्हा १०.३, दोन मिनिटांत पुन्हा तुटला. कपडे अजून निथळते ओले होते. ओल्या कपड्यांतून हवा नीट वाहत असेल तर पाण्याची वाफ होण्यात उष्णता खर्च होते आणि सुरुवातीला हीटर बराच वेळ सलग चालतो. सहा मिनिटांत तो तुटतो याचा अर्थ हवा हीटरपाशीच कोंडते आहे.

मग मशीन थंड हवेवर थोडा वेळ फिरू दिलं, मागचा पाईप काढून टाकला आणि तीच परीक्षा पुन्हा केली. तेहेतीस मिनिटं हीटर एकदाही तुटला नाही. मागच्या तोंडातून येणारा झोत हाताला जोरात लागत होता. पाईप जोडलेला असताना त्याच्या बाहेरच्या तोंडाशी धरलेला टिश्यू पेपर जेमतेम हलत होता.

दोष मशीनमध्ये नव्हता, पाईपमध्ये होता. पाईप पूर्ण उतरवल्यावर तीन गोष्टी दिसल्या. बाहेरच्या तोंडाला कबुतरं आत येऊ नयेत म्हणून डासांची बारीक जाळी तारेने बांधली होती. लिंट त्या जाळीवर बसत गेली, पावसाच्या शिंतोड्यांनी ओली झाली, पुन्हा वाळली, आणि तिथे करडं जाड नमद्यासारखं झाकणच तयार झालं होतं. पाईपचा मधला भाग लोंबून खोलगट झाला होता, त्यात दमट हवेतलं पाणी साचलं होतं आणि ओल्या लिंटचा लगदा. आणि वॉशिंग मशीन बदलून थोडं खोल मॉडेल घेतल्यावर ड्रायर भिंतीकडे सरकला होता, त्यामुळे मागे पाईप चेपून चार सेंटिमीटरवर आला होता. दरवाजातल्या लिंट फिल्टरच्या जाळीला एका कोपऱ्यात फाट होती. पाईपमध्ये इतकी लिंट कुठून आली त्याचं उत्तर तिथे होतं.

मग फ्यूज त्या रात्रीच का उडाला?

अडलेली हवा आणि मधेच बंद केलेलं बटण, दोन्ही मिळून. हवा अडल्यामुळे हीटरचं खोकं रोजच मर्यादेच्या काठावर तापत होतं. थर्मोस्टॅट वेळेवर तोडत असल्याने पंखा चालू असेपर्यंत निभावत होतं. भिंतीवरचं बटण बंद केलं की हीटरबरोबर पंखाही थांबतो. लालभडक तारेत आणि पत्र्यात साठलेली उष्णता वाहून न्यायला हवा उरत नाही, आणि पुढची काही मिनिटं खोक्याचं तापमान वीज बंद असूनही वर चढतं. मोकळ्या पाईपाच्या मशीनला हा धक्का सहसा पेलतो. काठावर असलेल्याला नाही. म्हणूनच ड्रायरच्या बहुतेक कार्यक्रमांत शेवटची काही मिनिटं गार हवेची असतात. पहिल्या वेळीही बटण असंच मधे बंद केलं होतं का, हे घरात कुणाला नक्की आठवलं नाही. सवय पाहता शक्यता मोठी आहे.

केलेली कामं

सॉकेट आणि प्लगटॉप दोन्ही नवे बसवले. काळी पडलेली वायर मागे चमकदार तांब्यापर्यंत कापली, स्क्रू घट्ट केले, इस्त्रीची परीक्षा परत घेतली. आता पडझड एका व्होल्टची.

पाईप नवा घेतला, या वेळी गुळगुळीत आतील भिंतीचा कडक अॅल्युमिनियमचा, मागे फक्त वळणापुरता लवचिक तुकडा. खिडकीतलं भोक ड्रायरच्या सरळ मागे घेतलं, त्यामुळे लांबी तीन मीटरवरून दीडवर आली आणि एकच वळण उरलं. पाईपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पाणी मधे साचत नाही. जोड जुबली क्लिपने (स्क्रूने आवळायच्या गोल पट्टीने) आवळले. पत्र्याचे स्क्रू आत शिरवले नाहीत, कारण त्यांच्या टोकांवर लिंट अडकून तिथूनच गुठळी वाढते.

कबुतरांचा प्रश्न खरा होता, तो टाळून चालणार नव्हतं. बारीक जाळी काढून तोंडावर हवेच्या झोताने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप बसवली. बाल्कनीबाहेर कबुतरांची नायलॉनची मोठ्या भोकांची जाळी आधीच होती, पाईपचं तोंड तिच्या आत ठेवलं. लिंट त्या भोकांतून सहज जाते.

लिंट फिल्टर बदलला. मशीनच्या तळातली, पंख्याच्या पात्यांवरची आणि हीटरच्या खोक्याभोवतीची रुवी ब्रश आणि व्हॅक्यूमने काढली. मशीन मागच्या भिंतीपासून एक वीत पुढे आणलं. शेवटी बाथरूम आणि बाल्कनीची सर्किटं वेगळी करून बाल्कनीला नवा २० अँपिअरचा एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर दिली. खर्चातला मोठा वाटा याच कामाचा होता, पण बटण मधेच बंद करायची सवय तेवढ्यानेच सुटू शकत होती. लोकांना सांगून सवयी सुटत नाहीत. वायरिंग नवं करायच्या आधी मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे ना हे विजेच्या बिलावर पाहून घेतलं.

निकाल

वायरिंग सोडून सगळ्याचा खर्च साडेतीन हजारांच्या आत राहिला. त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्याही पावसाळ्यात फ्यूज उडाला नाही. चार किलो कपड्यांना आधी दोन तासांच्या वर लागायचे, ते आता सव्वा तासात इस्त्रीला लावण्याइतके सुकतात. मुसळधार पावसात बाल्कनीच्या सगळ्या काचा बंद केल्या की वेळ थोडा वाढतो. ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी त्याला आतही मिळायला हवी, म्हणून स्वयंपाकघराकडचं दार किंवा पाईपपासून लांबची एक काच चार बोटं उघडी ठेवावी लागते. हे घरात अजूनही कधी कधी राहून जातं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी हुकलेली संधी जुलैच्याही आधीची. कपडे वाळायला लागणारा वेळ मागच्या वर्षभरात सव्वा तासावरून दोन तासांवर गेला होता. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, पण «मशीन जुनं झालं» असं समजून सोडून दिलं होतं. ड्रायरची ताकद वयाने इतकी घटत नाही. हीटर जळतो किंवा चालतो, मधली अवस्था फार थोडी. वेळ हळूहळू वाढत असेल तर हवा अडते आहे, हे जवळजवळ नेहमीच खरं असतं, आणि ते टिश्यू पेपरने एका मिनिटात तपासता येतं. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, पाईप काढून झटकला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिल्या तंत्रज्ञाला दोष देताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याला बोलावलं होतं ते ड्रायर सुरू करून द्यायला, आणि त्याने तो सुरू करून दिला. अर्ध्या तासाच्या मजुरीत पाईप उतरवून बघणं बसत नाही. ग्राहकाने «फ्यूज का उडाला ते शोधून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या» असं पहिल्याच भेटीत म्हटलं असतं तर कदाचित त्यानेही शोधलं असतं. डायरेक्ट करून देण्याची तयारी मात्र कोणत्याही मजुरीत माफ होण्यासारखी नाही.

काढलेला जुना भाग घरात ठेवून घ्यायला हवा होता. मूळ फ्यूजवर छापलेलं तापमान हाती असतं तर पहिला बदली फ्यूज कमी तापमानाचा होता का, ही उरलेली शंका तिथल्या तिथे मिटली असती. यापुढे या घरात काढलेला प्रत्येक भाग तारीख लिहून पाकिटात ठेवला जातो.

फ्लॅटमध्ये मल्टिमीटर नसला तरी घरच्यांना बरंच तपासता आलं असतं: दिवा लागतो का, दरवाजा लावताना टिक ऐकू येते का, स्टार्ट दाबल्यावर गुणगुण आहे की पूर्ण शांतता, प्लग काढल्यावर पिन तपकिरी आहे का, प्लगटॉप हाताला गरम लागतो का. झाकण उघडणं आणि आतली मापं घेणं मात्र ज्याला कपॅसिटर डिस्चार्ज करता येतो त्यानेच करावं. आणि प्लग गरम लागला तर ड्रायर पुन्हा लावून बघायचा नाही. आधी सॉकेट उघडून घ्यायचं, कारण त्या वेळी बिघाड मशीनपेक्षा भिंतीत असण्याची शक्यता जास्त असते.